डाव्या पायाची करंगळी

रोम, सान जुझेप्पेचा सण, मार्च १७८६

साव्हेरिओ,

तुझा पत्ता कसा मिळाला ते आधी सांगते, म्हणजे पत्र न वाचता फेकायचं एक कारण कमी होईल. तुमच्या त्या जर्मन ड्यूकचे एक कारभारी गेल्या आठवड्यात आमच्या दुकानात आले होते. ड्यूकना जेवणघरात मांडायला प्लास्टरचे सीझर हवे होते, सगळे एका उंचीचे. इतिहासात ते तसे नव्हते, पण तुझ्या मेहुण्यांनी करून देतो म्हणून सांगितलं. बोलता बोलता कारभारी म्हणाले, आमच्या चिनीमातीच्या कारखान्यातही एक रोमन आहे. कुणाशी बोलत नाही, पण सूपच्या भांड्यांच्या झाकणांवर मेंढपाळणी फार गोड बसवतो. मी विचारलं, तो कॉफीत साखर घालतो आणि ढवळायची विसरतो का? म्हणाले, हो. मग मी पत्ता लिहून घेतला.

तर मेंढपाळणी. गुबगुबीत असणार, गालावर गुलाबी ठिपका, मांडीवर कोकरू. आणि त्या बनवतो कोण, तर तू. आपल्या चर्चमधले देवदूत बघून ‘या सगळ्यांना एकाच वेळी वारा कसा लागला’ असं कानात बोलून भर प्रार्थनेत मला हसवणारा, आणि आईचा मार मला खायला लावणारा तू.

आता मुद्दा. तुझी संगमरवरी जलदेवता सापडली.

मामांच्या मागे त्यांचा द्राक्षमळा चेंचो नावाच्या माणसानं घेतला. नव्या वेली लावायला त्यानं चुनाभट्टीचा जुना खड्डा खणायला काढला आणि कुदळ लागली ती तिच्या खांद्याच्या बाजूला. चेंचोनं आधी सोनं समजून बायकोला हाक मारली, मग देव समजून पाद्र्यांना, आणि शेवटी शहाणपण सुचल्यावर कार्डिनल व्हाल्मोंतेंच्या माणसाला. कार्डिनलसाहेबांना जुन्या मूर्तींचा नाद आहे, हे इथे कोंबड्यांनाही ठाऊक आहे. मूर्ती त्यांच्या वाड्याच्या अंगणात गेली, विद्वान जमले, आणि शेवया शिजाव्यात तेवढ्या वेळात ठरलं, की ही अस्सल ग्रीक आहे, आणि असं काम आताच्या माणसाच्या हातून होणे नाही.

मला हे कळलं ते साचे घ्यायला तुझ्या मेहुण्यांना बोलावलं म्हणून. नाझारेनो घरी आले, टोपी न काढताच खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘निल्ला, आज मी कार्डिनलसाहेबांच्या अंगणात तुझा उजवा पाय पाहिला.’

तिचे पाय तू माझ्यावरून घडवलेस, आणि डावा कुठे आहे, ते त्यांना माहीत आहे. तू तिला गाडीवरून त्या खड्ड्यात ढकललंस तेव्हा तो घोट्याशी तुटून काठावरच राहिला होता. तू मागे वळून पाहिलं नाहीस. मी तो एप्रनमध्ये गुंडाळून घरी आणला. आजवर तो माझ्या स्वयंपाकघरात, खारवलेल्या मासळीच्या बरणीवर दाब म्हणून बसलेला आहे. त्याच्याइतका नेमका बसणारा दगड मला दुसरा मिळाला नाही. ही तुझ्या कलेची मी केलेली पहिली स्तुती समज.

तेव्हा बोल. तुझं नाव सांगू का त्यांना?

तुझी ताई,
पेत्रोनिल्ला

ईस्टरनंतरचा मंगळवार

साव्हेरिओ,

उत्तर नाही. बरं. मेंढपाळणी थांबत नसतील.

मी तिला बघून आले. नाझारेनोंच्या मागे प्लास्टरची बादली धरून गेले, म्हणून पहारेकऱ्यानं अडवलं नाही. खरं सांगते, मी हसायच्या तयारीनं गेले होते. आता या नव्या रीतीनं सगळं रोम पांढरंफटक करून टाकलंय. घोड्यांच्या वैद्यानंसुद्धा दारावर दोन ग्रीक खांब रंगवून घेतलेत. आपल्या गल्लीतल्या त्या नोटरीच्या विधवेनं नवऱ्याच्या थडग्यावर त्याला रोमन योद्धा केलंय, उघडाबंब. त्याच्या पोटाची सगळी जबाबदारी ढालीवर सोपवलेली आहे. असल्या गोष्टी रोज पाहणाऱ्या बाईनं आणखी एका संगमरवरी उघड्या खांद्यासाठी काय थांबायचं?

थांबले. अंगणात ऊन होतं. तिला धुतलेलं होतं, पण मातीनं जो पिकल्या नाशपातीसारखा रंग दिलाय तो गेलेला नाही, आणि जाऊ नये. ती काहीच करत नाही, साव्हेरिओ. आपल्या चर्चमधल्या संतिणी आठव. एकीला भोवळ, एकीला झटका, एकीचा पदर छताला. ही नुसती पाण्यात पाय टाकायच्या बेतात उभी आहे. तिला घाई नाही. मानेपासून एक रेघ निघते ती पाठीवरून, कमरेवरून, थेट टाचेपर्यंत उतरते, आणि मध्ये कुठेही ‘बघा, मी कशी वळले’ असं म्हणत नाही. कपड्याच्या चुण्या मोजक्या, आणि प्रत्येकीला तिथं असायला कारण आहे. मला तुझं ते देवदूतांवरचं बोलणं आठवलं. तू वारा थांबवला होतास. वारा थांबला की माणूस काय दिसतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

मी गप्प उभी राहिले. अख्खी गल्ली जिच्या जिभेला घाबरते ती बाई गप्प आहे म्हटल्यावर नाझारेनोंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

आबाते बोनफिली तिथंच होते. तेच, पाद्री कमी आणि पंडित जास्त. म्हातारे झालेत, पण भिंग तेच आहे. तुझ्या पारितोषिकाच्या परीक्षेच्या दिवशी ते भिंग घेऊन तिच्या पायाशी बसले होते आणि गुडघ्याच्या वर त्यांनी नजर नेली नव्हती. ‘डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढली आहे. ग्रीकांनी ती सरळ केली असती. निसर्ग चुकतो, कलावंतानं चुकायचं नसतं.’ सरळ कर, पारितोषिक तुझं, असंही म्हणाले होते. मीही तेच म्हटलं. बोट माझं, माझी हरकत नाही, दोन घाव घाल आणि मोकळा हो. लहानपणी बाबांचा खल तूच माझ्या पायावर पाडलास म्हणून ते तसं झालं, तूच सरळ केलंस तर हिशेब मिटला. तू म्हणालास, ‘तूही त्यांच्यातलीच.’ तेच आपलं शेवटचं बोलणं, मग तू तिला गाडीवर घातलंस.

मी आजही तेच म्हणेन, तेव्हा माफीची वाट बघू नकोस. पण परवा तिच्यासमोर उभं राहिल्यावर मला वाटलं, की एवढी शांत मूर्ती घडवणारा माणूस एका बोटासाठी एवढा भांडला, तर त्या बोटाचं काही असेल.

आबाते लोकांना सांगत होते, ‘वरपासून बघा. नेहमी वरपासून बघावं.’ मी बादली जरा जोरात ठेवली.

पेत्रोनिल्ला

१८ मे

साव्हेरिओ,

हे मात्र नीट वाच, कारण आता उशीर चालणार नाही.

कार्डिनलसाहेबांना मोडकी मूर्ती अंगणात ठेवायची लाज वाटते. इथे सगळ्यांनाच वाटते. नाक नसलेल्या सम्राटाला नाक मिळेपर्यंत कुणी जेवायला बोलावत नाही. तेव्हा जलदेवतेला नवा डावा पाय बसवायचं ठरलंय. रोममधल्या शिल्पकारांनी नमुन्याचे मातीचे पाय करून आणले. मेजावर ओळीनं मांडले होते, जणू कुठल्या तरी पलटणीनं पळून जाताना मागं टाकलेले. एकाहून एक सुंदर, एकाहून एक सरळ. आबाते प्रत्येकाकडे बघून मान हलवायचे. ‘यात जीव नाही,’ म्हणाले. ‘पाय निर्दोष आहे, पण या पायानं कुणी कधी चाललेलं नाही.’

शेवटी काम पाल्मिएरोला दिलं. माणूस वाईट नाही. पण त्याची पद्धत तुला ठाऊक आहे, सगळ्यांची तीच आहे. नवा तुकडा नीट बसावा म्हणून आधी जुना तुटलेला भाग तासून सपाट करायचा. जूनअखेरच्या सान पिएत्रोच्या सणाच्या आत तो घोटा तासणार. एकदा तासला, की माझ्या बरणीवरचा पाय हा नुसता पाय. मग मी शपथेवर सांगितलं तरी तो कुठेच बसणार नाही, आणि ती मूर्ती तुझी आहे हे या जगात तू, मी आणि नाझारेनो सोडून कुणालाही कळायचा मार्ग उरणार नाही. आणि आपली तिघांची वयं बघ.

तू तिला चुन्यात टाकलंस. तुझी होती, टाकलीस. पण ती चुना झाली नाही, तिनं ऐकलं नाही तुझं. आता तिला लोक टोप्या काढून बघतात. एक बाई परवा रडली. तिला कुणी काही समजावून सांगितलेलं नव्हतं, भाजी घेऊन आली होती ती.

तेव्हा हो किंवा नाही लिही. नाही लिहिलंस तर मी पाय परत बरणीवर ठेवीन आणि पुन्हा विषय काढणार नाही. काहीच लिहिलं नाहीस, तर मला जे वाटेल ते मी करीन, आणि मला काय वाटतं हे तू लहानपणापासून ओळखतोस.

ताई

सान जोव्हान्नीनंतरचा दिवस, जून

साव्हेरिओ,

तू काहीच लिहिलं नाहीस.

काल सण म्हणून सगळं रोम गोगलगायींचा रस्सा ओरपत होतं, तेव्हा मी मासळीची बरणी उघडली. पाय घासला, तीन पाण्यांतून काढला, कोबीच्या पानांत गुंडाळला आणि टोपलीत घातला. नाझारेनो म्हणाले, ‘मी येऊ का?’ मी म्हटलं, ‘नको. तुम्ही सोबत असलात की मी सभ्य बोलते.’ आज सकाळी गेले.

अंगणात सगळे होते. कार्डिनलसाहेब खुर्चीत, आबाते उभे. पाल्मिएरोनं छिन्नी घोट्यावर टेकवली होती आणि हातोडी वर गेली होती.

‘थांबा,’ मी म्हणाले. ‘पाय आणलाय.’

पाल्मिएरो म्हणाला, ‘कुणाचा?’

‘तिचा.’

मी टोपली उघडली. मासळीचा वास सुटला. कार्डिनलसाहेबांनी रुमाल काढला. मी पानं बाजूला केली आणि तो पाय पाल्मिएरोच्या हातात दिला. त्यानं तो उलटसुलट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग खाली बसून तो घोट्याला लावला. आवाजही झाला नाही. नुसता सांधा दिसेनासा झाला.

साव्हेरिओ, मी तुझ्या बाजूनं तिथं भांडायला गेले होते आणि भांडायचंच विसरले. ती पूर्ण झाली होती. इतके दिवस ती उभी होती, आता पाऊल टाकणार होती. आणि त्या सगळ्या स्वच्छ, संथ, बिनचूक अंगाच्या शेवटी, पाण्यात सगळ्यांत आधी बुडणारं ते वाकडं बोट. त्याच्यावाचून ती देवी होती. त्या बोटामुळे ती कुणाची तरी बहीण झाली. माझं एवढं बोलणं तुला पुरे.

आबाते गुडघ्यांवर बसले. भिंग काढलं. बोटापाशी आले आणि थांबले.

‘हे बघा,’ ते अखेर म्हणाले. आवाज चिरकला होता. ‘आपल्यातल्या कुणीही हे बोट सरळ केलं असतं. मी केलं असतं. ज्यानं तसंच ठेवलं, त्याचा निसर्गावर आपल्यापेक्षा जास्त विश्वास होता. हाच तो ग्रीक हात.’

‘तो हात माझ्या भावाचा आहे,’ मी म्हणाले. ‘साव्हेरिओ कोराल्ली. ही मूर्ती त्यानं आमच्या घरामागं घडवली आणि मामांच्या मळ्यात टाकली. पाय माझा आहे.’

कार्डिनलसाहेब हसले. त्यांच्याबरोबर हसायला जी माणसं असतात ती हसली. मग मी बूट काढला आणि मोजाही काढला. कार्डिनलसाहेबांनी नजर आकाशाकडे वळवली, पण फार उंच नाही. मी माझा डावा पाय त्या पायाशेजारी फरशीवर ठेवला. बोट बोटासारखं.

कार्डिनलसाहेब खुर्चीतून पुढे झुकले. ‘आबाते, हे काय?’

आबाते उठले, गुडघे झटकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

‘बाई, तुमचं घराणं कुठलं?’

‘इथलंच, त्रास्तेव्हेरेतलं. पणजोबांच्या आधीपासून.’

‘त्याच्याही आधीपासून,’ ते म्हणाले. ‘रक्त, महाराज. हिच्या कुळातली कुणी एक स्त्री प्राचीन काळी त्या शिल्पकारासमोर उभी राहिली, आणि तो पाय आज चालत आपल्या अंगणात आला.’

‘माझं बोट रक्तानं वाकडं झालेलं नाही,’ मी म्हणाले. ‘भावानं त्याच्यावर खल पाडलाय.’

‘खल,’ आबाते म्हणाले, ‘हे निमित्त.’

कार्डिनलसाहेब इतके खूश झाले, की त्यांनी मला वाइन द्यायला सांगितली आणि पाल्मिएरोला बजावलं, घोट्याला छिन्नी लावायची नाही, आहे तसा पाय जोडा. मी तुझं नाव स्पष्ट, मोठ्यानं, दोनदा सांगितलं. कुणी लिहून घेतलं नाही.

मी तरातरा निघाले. फाटकाशी मागून पावलं आली. आबाते होते, एकटे, धापा टाकत. त्यांच्या हातात माझा मोजा होता.

मोजा दिला आणि तिथंच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, ‘तुमचा भाऊ अजून दगडात काम करतो?’

‘चिनीमातीत,’ मी म्हणाले. ‘मेंढपाळणी.’

त्यांनी दाढ दुखल्यासारखे डोळे मिटले.

‘केव्हा ओळखलंत?’ मी विचारलं.

‘तुम्ही कोबीची पानं बाजूला केलीत तेव्हा. ते बोट मी एकदाच पाहिलं होतं. विसरता आलेलं नाही.’

मग मी जे बोलायचं ते बोलले. ते इथे लिहीत नाही, पत्रं सरकारी माणसं उघडून वाचतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘कार्डिनलसाहेबांची पत्रं व्हिएन्नाला, पॅरिसला, लंडनला गेली आहेत. मी खरं सांगितलं तर उद्या माझ्या जागी दुसरा कुणी उभा असेल, आणि ती तळघरात जाईल. कालची मूर्ती म्हटली की त्यांना लगेच तिच्यात दोष दिसतील. मला नाही का दिसले? ग्रीक आहे तोवर ती उन्हात उभी राहील, बाई. माझ्यात तेवढंच करायची हिंमत आहे.’

मी म्हटलं, तेवढ्यानं माझ्या भावाचं काय भागणार?

‘काहीच नाही,’ ते म्हणाले. ‘पण त्याला लिहा. बोट सरळ केलं नाहीस, बरं केलंस, असं बोनफिली म्हणाला म्हणून लिहा. आणि दुसरी मूर्ती घेऊन ये म्हणावं. त्याच्या नावानिशी. या वेळी मी पायापासून सुरुवात करणार नाही.’

त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. आता काय ते तू ठरव. तुझ्या मूर्तीवर तुझं नाव मी आणू शकले नाही. तिचा पाय तेवढा तिला परत दिला.

पेत्रोनिल्ला

सप्टेंबर १७८६, द्राक्षतोडणी

साव्हेरिओ,

तुझं पत्र आलं. पत्र म्हणते ते मायेनं, त्यात एकच ओळ आहे. नाझारेनोंनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही आहे का म्हणून. ‘ताई, डावा पाय कागदावर ठेवून भोवतीनं रेघ काढ आणि पाठव.’ इतक्या वर्षांनी बोललास, ते पायाशी. असू दे. मला ताई म्हणालास तेवढं मी कापून ठेवलंय.

कागद सोबत आहे. रेघ नाझारेनोंनी काढली. मला वाकवेना आणि हसू आवरेना, म्हणून टाचेपाशी जरा हललीय. बघशील तेव्हा दचकू नकोस. तेव्हा तू घडवलास तो पाय वीस वर्षांच्या मुलीचा होता. आता संध्याकाळी सुजतो. अंगठ्याशी हाड वर आलंय. टाचेला भेगा आहेत, त्या कागदावर उमटत नाहीत, तू मनानं घाल. करंगळी आहे तिथंच आहे. या पायाची जलदेवता होणार नाही. फार तर विहिरीवरून घागर घेऊन निघालेली बाई होईल. पण तुझ्या त्या शांत रेघेनं तिला खांद्यापासून खाली उतरवलंस तर विहिरीवरची बाईही उन्हात उभी राहील, एवढं मला आता कळतं. कुठेही काही सुधारू नकोस. कुणी सांगितलं तरी नको, मी सांगितलं तरी नको.

वरची खोली रिकामी केलीय. तिथले सीझर जिन्याखाली हलवले. पाल्मिएरोनं दगडाचा एक ठोकळा बाजूला काढून ठेवलाय, भाव तुझ्याशीच करीन म्हणतो.

आणि एक. माझ्या मासळीच्या बरणीवर दाब नाही. सध्या प्लास्टरच्या एका सम्राटाचं डोकं ठेवलंय, पण नाकामुळे ते नीट बसत नाही, आणि खाऱ्या पाण्यानं त्याची हनुवटी विरघळायला लागली आहे. तेव्हा तिकडे बसून पहिला पाय घडवशील, तो बिघडेल आणि तुला राग येईल. फेकू नकोस. घेऊन ये.

ताई